विश्लेषण : पिझ्झावरचे चीज दुधाचे की तेलाचे? मेन्यूकार्ड काय सांगते आणि काय सांगत नाही?

शनिवारी संध्याकाळी कॅनॉट प्लेसला गाडी लावायला जागा शोधत दोन चकरा माराव्या लागतात. वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो किंवा पुण्याहून सुटीला आलेली भाची असो, छत्रपती संभाजीनगरात ‘बाहेर जेवायला जाऊ’ म्हटले की मुलांच्या तोंडी पहिले नाव पिझ्झाचे येते. निराला बाजार, प्रोझोन मॉल, बीड बायपास अशा सगळ्या भागांत पिझ्झा-पास्त्याची लहान-मोठी रेस्तराँ आहेत. आजी सुरुवातीला ‘मला आपला वरणभात बरा’ म्हणते आणि मग व्हाइट सॉस पास्ता चमच्याने आवडीने खाते.

भारतात पिझ्झाच्या मोठ्या साखळ्या १९९६ मध्ये आल्या, म्हणजे हा पदार्थ आता पाहुणा राहिलेला नाही. तरीही थाळी मागवताना आपण पोळीच्या गव्हाची आणि भाजीतल्या तेलाची जशी चौकशी करतो, तशी पिझ्झा मागवताना करत नाही. चित्र पाहतो, ‘एक्स्ट्रा चीज’ म्हणतो आणि मोकळे होतो. पिझ्झाची किंमत चढते ती मुख्यतः चीजमुळे. ज्या गोष्टीसाठी सर्वाधिक पैसे मोजतो, ती ताटात खरोखर असते का?

चीज म्हणजे नेमके काय?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) मानकांनुसार चीज हा दुधापासून किंवा दुग्धजन्य घटकांपासून, विरजणासारख्या साखळवणाऱ्या घटकाने दूध घट्ट करून केलेला पदार्थ आहे. दूध साखळवणाऱ्या या घटकाला रेनेट म्हणतात आणि भारतीय मानकांत ते प्राणिज नसावे असे स्पष्ट म्हटले आहे. शाकाहारी घरांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. इटलीतले अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटनेच केले जाते. त्यामुळे परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनी तिथल्या रेस्तराँमध्ये ‘व्हेज’ एवढेच विचारून भागत नाही, पार्मेझानबद्दल वेगळे विचारावे लागते. इथे ती चिंता कमी आहे.

पिझ्झावर वापरतात ते मोझरेला. दही गरम पाण्यात मळून, ताणून केलेले हे चीज आहे, म्हणून त्याला तार सुटते. ताजे मोझरेला पाणीदार असते आणि त्याने बेस ओला होतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी कमी ओलाव्याचे, किसून ठेवता येणारे मोझरेला वापरले जाते. सँडविचमध्ये घालतो ते प्रोसेस्ड चीज वेगळे. चीज वितळवून, त्यात इमल्सिफाय करणारे क्षार घालून ते पुन्हा घडवलेले असते. तेही दुधाचेच, ते नकली नव्हे.

नकली हा शब्द खरे तर तिसऱ्या प्रकारासाठीही पूर्णपणे बरोबर नाही. त्याचे कायद्यातले नाव ‘अ‍ॅनालॉग’. दुधातल्या घटकांपैकी काहींच्या किंवा सगळ्यांच्या जागी दुधाबाहेरचे घटक घातलेला, पण दिसायला आणि वापरायला दुग्धजन्य पदार्थासारखा असणारा पदार्थ, अशी त्याची व्याख्या आहे. बहुधा दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामसारखे वनस्पती तेल असते. सोबत स्टार्च, कधी दुधातलेच केसिन हे प्रथिन आणि स्वाद असतो. असा पदार्थ बनवणे आणि विकणे बेकायदा नाही. बेकायदा आहे ते त्याला चीज किंवा पनीर म्हणणे.

मग तो वापरतात कशासाठी?

हिशेब सरळ आहे. एक किलो मोझरेला करायला गायीचे साधारण दहा लिटर दूध लागते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अनुदान योजनेत दूध संघांनी गायीच्या दुधाला लिटरमागे किमान २८ रुपये द्यायचे आणि सरकारने वर सात रुपये अनुदान द्यायचे, असे ठरले होते. त्या २८ रुपयांच्या दरानेही एक किलो चीजमागे दुधाचेच २८० रुपये होतात. त्यावर प्रक्रिया, शीतगृह, वाहतूक आणि वितरकाचा नफा. पाम तेल आणि स्टार्च यांचा खर्च याच्या जवळपासही जात नाही. भट्टीत अ‍ॅनालॉग वितळते, तार सुटते, वर तपकिरी डागही पडतात. सॉस, मिरची आणि ओरेगॅनोच्या स्वादात जिभेला फरक लागत नाही.

इथे एक विसंगती डोळ्यांत भरते. मराठवाड्यातला शेतकरी दूध रस्त्यावर ओततो तेव्हा आपण दुधाचे भाव पडले म्हणून हळहळतो. त्याच वेळी शहरातल्या ‘डबल चीज’मध्ये दुधाच्या जागी पाम तेल असेल, तर ग्राहकाने चीज म्हणून मोजलेला पैसा त्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. तो तेलाच्या आयातीला जातो, कारण आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पैसे दोन्ही वेळा ग्राहकच मोजतो आणि त्याला ते कळत नाही.

आणखी एक गंमत अशी की, इटलीतल्या कंपानिया भागातले सर्वांत नावाजलेले मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते. बीड, परभणी, जालना, नांदेड, लातूर या पट्ट्यात ‘मराठवाडी’ याच नावाची म्हशीची नोंदणीकृत देशी जात आहे. कमी चाऱ्यावर, दुष्काळात तग धरणारी. तिचे दूध कमी असते, त्यामुळे उद्या तिच्या जोरावर चीजचे कारखाने उभे राहतील असे कोणी समजू नये. पण म्हशीच्या दुधाचा देश म्हणवणाऱ्या ठिकाणी पिझ्झावर पाम तेल यावे, हे विचित्रच.

शेजारच्या नगरमध्ये काय घडले?

हा प्रश्न महाराष्ट्रात चर्चेला आला तो अहमदनगरमधून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०२३ च्या अखेरीस तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका दालनाची तपासणी केली. नावात ‘चीज’ असलेल्या काही पदार्थांत चीजला पर्यायी घटक आहेत आणि ते ग्राहकाला नीट सांगितलेले नाहीत, असा ठपका ठेवून परवाना निलंबित करण्यात आला. पश्चिम आणि दक्षिण भारतात ही साखळी चालवणाऱ्या वेस्टलाइफ फूडवर्ल्ड या कंपनीने काही पदार्थांच्या नावांतून ‘चीज’ हा शब्द काढला आणि परवाना पुन्हा मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे प्रकरण बाहेर आल्यावर आपण खरे, दर्जेदार चीजच वापरतो असे कंपनीने ठामपणे सांगितले आणि एफएसएसएआयनेही त्यावर शिक्कामोर्तब केल्याचे जाहीर केले.

ताटात काय होते याबद्दल दोन बाजूंचे म्हणणे वेगळे राहिले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, सगळा वाद एका शब्दावर झाला. कोणाला विषबाधा झाली नव्हती. मेन्यूवर लिहिलेला शब्द ताटातल्या पदार्थाला लागू होतो का, एवढाच प्रश्न होता आणि तेवढ्यावर परवाना थांबू शकतो हे दिसले. मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीरचा विषय विधानसभेत मांडला तेव्हाही मुद्दा हाच होता. पाकिटावर छापावे लागते ते ताटावर का सांगायचे नाही?

अ‍ॅनालॉग आरोग्याला घातक आहे का, असे बरेच जण विचारतात. मर्यादेत असेल तर ते वीष नाही. जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट दोन टक्क्यांपर्यंतच असावे असे बंधन आहे. पण दुधाच्या चीजमधून मिळणारे प्रथिन आणि कॅल्शियम त्यात तेवढे असेलच असे नाही. मुलाच्या पोटात ‘निदान चीज तरी जाते’ अशी समजूत करून घेणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात घ्यायला हवे.

खाताना ओळखता येते का?

नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या आयोडीनच्या चाचणीने फार तर स्टार्च कळतो. पिझ्झाचा बेसच मैद्याचा असल्याने तिथे निळा रंग येणारच. लांब तार निघणे हाही पुरावा नाही, तार अ‍ॅनालॉगलाही सुटते. खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. स्निग्धांश दुधाचा आहे की वनस्पतीचा, हे तिथे रासायनिक कसोट्यांनी पाहिले जाते.

ग्राहकाच्या हातात आहे ते विचारणे. ‘चीज कोणते वापरता, पाकीट दाखवता का?’ हा प्रश्न उद्धट नाही. ‘चीजी’, ‘चीज फ्लेवर’, ‘क्रीमी टॉपिंग’ असे शब्द दिसले तर मात्र जरा थांबावे. अ‍ॅनालॉगच्या मोठ्या पाकिटावर ते अ‍ॅनालॉग असल्याचे छापलेले असते, अडचण ही की ते पाकीट स्वयंपाकघरातच राहते. जो मालक दुधाचे मोझरेला वापरतो, तो बहुधा पाकीट आनंदाने दाखवतो. त्याच्या दृष्टीने ती फुकटची जाहिरातच.

शंका पक्की असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील कलम ४० फारसे कोणाला माहीत नसते. सामान्य खरेदीदारही ठरलेले शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की, खरेदी करतानाच विक्रेत्याला तशी कल्पना द्यायची. अहवाल १४ दिवसांत मिळायला हवा आणि पदार्थ मानकात बसत नसेल तर शुल्क परत मिळते. चुकीच्या नावाने माल विकल्यास कलम ५२ नुसार तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शनिवारी रात्री पाच माणसांचे कुटुंब घेऊन बसलेला गृहस्थ हे सारे करील, अशी अपेक्षा नाही. त्याच्यासाठी एफडीएचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५ आहे. मराठवाड्याचे विभागीय कार्यालयही याच शहरात आहे.

पास्त्याचा गहू आणि आपल्या शेवया

चीजनंतर पास्ता. इथे गोष्ट अधिक घरची आहे. इटलीत १९६७ च्या कायद्यापासून वाळवलेला पास्ता फक्त ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करावा लागतो. ड्युरम म्हणजे कडक, पिवळसर, काचेसारख्या दाण्याचा गहू. त्याचा रवा चांगला पडतो. त्यातले प्रथिन पास्ता उकळताना आकार धरून ठेवते, म्हणून तो चिकट लगदा होत नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्याला हे वर्णन सांगितले तर तो म्हणेल, हा तर आमचा बन्सी. आणि त्याचे बरोबरच असेल. बन्सी हा ड्युरम गहूच आहे. काळ्या जमिनीत, रब्बीत, बहुधा पाणी न देता नुसत्या ओलीवर येणारा. त्याची पोळी थोडी कडक होते, म्हणून पोळीसाठी सरबती आणि रव्यासाठी बन्सी, अशी घराघरांत वाटणी होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने जिरायती शेतीसाठी दिलेला ‘एमएसीएस ४०२८’ हा ड्युरम वाण १४.७ टक्के प्रथिनांसाठी ओळखला जातो. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा ‘गोदावरी’ हा वाणही ड्युरमच.

उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून शेवया करणाऱ्या बायका नकळत पास्ताच करत होत्या. रवा भिजवायचा, मळायचा, बारीक सूत काढायचे आणि उन्हात वाळवायचे, इटलीतली रीत याहून निराळी नाही. शेवयांवर आपण थांबलोही नाही. लग्नघरात गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे वळले जात. गव्हले गव्हाच्या दाण्याएवढे, नखुले नखाने दाबून केलेले. विदर्भात काडीवर गुंडाळून केलेले पोकळ सरगुंडे असत, ते आमरसाबरोबर खायचे. पेन्ने, मॅकरोनी यांच्याशी त्यांचे नाते आकारातच दिसते. आता ही वळवटे करायला वेळ कोणाला आहे, हा भाग वेगळा.

रेस्तराँमध्ये मिळणारा पास्ता मात्र ड्युरमचाच असेल असे नाही. भारतीय मानकांत मॅकरोनीच्या जातीचे पदार्थ रव्यापासून किंवा मैद्यापासून करायला मुभा आहे. मैद्याचा पास्ता दोन मिनिटे जास्त शिजला की बसतो, आणि मग वरून सॉस ओतून तो झाकला जातो. याउलट ड्युरमचा पास्ता दाताला किंचित लागेल असा काढला की काही जण ‘कच्चा आहे’ म्हणून परत पाठवतात. वेटरची पंचाईत होते. तो कच्चा नसतो, तो तसाच खायचा असतो. शिवाय असा पास्ता ब्रेडच्या तुलनेत रक्तातली साखर हळू वाढवतो, म्हणून मधुमेह असलेल्याने लगदा झालेल्या पास्त्यापेक्षा हाच मागवावा.

व्हाइट सॉसबद्दल एकच सांगायचे. तो बहुतेक ठिकाणी लोण्यात मैदा भाजून, दूध घालून केलेला असतो. त्यावर किसलेले चीज किती आणि कोणते, हा प्रश्न पुन्हा येतोच. रोममधल्या मूळ अल्फ्रेदोत क्रीम नव्हते, फक्त लोणी आणि पार्मेझान होते. आपल्याकडचा ‘पिंक सॉस’ हे तर दोघांचे भांडण मिटवायला केलेले मिश्रण वाटते. पण चव चांगली लागते, त्यामुळे तक्रार नाही. ताज्या पास्त्याच्या पिठात अंडे असू शकते, ज्यांना चालत नाही त्यांनी ते आधी विचारावे.

बेसचे काय?

नेपल्समधला पिझ्झा सुमारे ४८५ अंश सेल्सिअस तापलेल्या लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजतात. २०१७ मध्ये युनेस्कोने तिथल्या पिझ्झा करण्याच्या कलेला वारसा यादीत स्थान दिले. आपल्या शहराला हे नवे वाटू नये. नान-खलियाचा नान खमीर आलेल्या पिठाचा आणि रसरशीत भट्टीतच भाजलेला असतो. पीठ मुरवणे आणि भट्टीचा अंदाज घेणे ही कारागिरी जुन्या शहरातल्या नानवाल्यांकडे आधीपासून आहे.

लहान रेस्तराँमध्ये विजेची भट्टी असते. ती एवढी तापत नाही आणि पिझ्झाला काही मिनिटे लागतात. त्यात गैर काही नाही. फरक पडतो तो बेस तिथेच, मुरवलेल्या पिठाचा केलेला आहे की बेकरीतून आलेला तयार बेस आहे, यावर. तयार बेस म्हणजे चपटा पाव. तो पिझ्झा म्हणून खायला हरकत नाही, मात्र ‘वुड फायर्ड’ म्हणून मोजलेली किंमत त्याला शोभत नाही. हाताने थापलेल्या बेसची कड फुगलेली आणि वेडीवाकडी असते. सगळ्या बाजूंनी एकसारखी गोल कड दिसली की ओळखावे.

बिल येते तेव्हा

साध्या रेस्तराँमध्ये जीएसटी पाच टक्के असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. पदार्थांची बेरीज १,२०० रुपये असेल तर कर ६० आणि एकूण १,२६०. पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्तराँमध्ये हा दर १८ टक्के असू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीज आणि पास्त्यावरचा जीएसटी १२ वरून पाच टक्क्यांवर आला आणि पिझ्झा ब्रेडवरचा शून्य झाला. ग्राहकाच्या बिलावरचा पाच टक्के मात्र तसाच आहे. पाच टक्क्यांच्या व्यवस्थेत रेस्तराँना कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे कच्चा माल स्वस्त झाल्याचा थेट फायदा मालकाला झाला. चीज महाग म्हणून अ‍ॅनालॉग वापरतो, ही सबब त्यामुळे थोडी तरी कमजोर झाली आहे.

‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नाही. तो आपोआप बिलात लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते ग्राह्य धरले. तो काढायला सांगण्यात संकोच नको. वेटरला द्यायचे ते हातात द्यावे. कोणी ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बाटलीबंद पाण्याला मात्र छापील किमतीपेक्षा जास्त लावले म्हणून भांडण्यात अर्थ नाही. बसून खाण्याच्या ठिकाणी तसे लावता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. साधे पाणी मागावे.

बिलावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असायला हवा, जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळीला मेन्यूवर पदार्थातल्या कॅलरीही द्याव्या लागतात. छोटे रेस्तराँ ‘कंपोझिशन’ योजनेत असेल, म्हणजे वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल आणि मालकाने तो पर्याय घेतला असेल, तर तो ग्राहकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही. त्याच्या बिलावर तसे लिहिलेले असते. तरीही खाली पाच टक्के वेगळे लावलेले दिसले, तर ते पैसे सरकारकडे तुमच्या नावाने जात नाहीत, गल्ल्यातच राहतात.